पाठमोरा

धाकटा भरदुपारी स्टुडिओत गेला, तो फक्त दादाची पिशवी आणायला. आत दादाचा एक शर्ट, चपला आणि गुडघ्यांना बांधायचे पट्टे होते. दादा सिनेमात पडायचा. नायकाला कुणी जिन्यावरून ढकललं, की नायकाच्या कपड्यांत गडगडत खाली येणारा माणूस दादा असायचा. महिन्यापूर्वी जिन्याखाली गादी टाकायलाच कुणाला सुचलं नाही. दादा पडला, तो उठलाच नाही.

पिशवी संकलन करणाऱ्या बाईंच्या खोलीत होती. खिडक्यांवर काळे पडदे, तापलेल्या यंत्रांचा जळकट वास. आणि समोर, पडद्यावर, दादा पडत होता.

"हे... ठेवलंत तुम्ही?" धाकट्याने दारातूनच विचारलं.

खुर्चीतल्या दिग्दर्शकाने मान वळवली. "ये रे, बस. आधी मांजर उडी मारतं. लोक दचकतात, हसतात, सैल पडतात. मग संगीत एकदम बंद. नुसती शांतता... आणि तुझा भाऊ! थिएटर किंचाळेल बघ."

हे सगळं धाकट्याला पाठ होतं. घरी सिनेमा लागला की दादाच ओरडायचा, "आई, मांजराला काय घाबरतेस? खरा माणूस मागून येतोय!"

"तो मेलाय त्यात," धाकटा म्हणाला. "काढा ते."

"चेहरा कुठे दिसतोय? पाठमोरा तर आहे. कुणाला काय कळणार?"

"आईला कळेल! लहानपणापासून तेल चोळलंय तिनं त्या पाठीला!" धाकट्याने रिकाम्या खुर्चीला लाथ घातली.

"साहेब, काढू या ना..." बाई हळूच म्हणाल्या.

"तुम्ही गप्प बसा. पुन्हा लावा."

बाईंनी लावलं. यंत्राची घरघर अचानक थांबली. पडद्यावर जिना, जिन्यावर दादाची पाठ. दादाच्या धंद्यात एकच कडक नियम होता, कॅमेऱ्याकडे तोंड करायचं नाही. चेहरा दिसला की शॉट वाया. दादाने तो जन्मभर पाळला होता. आता पडता पडता त्याची मान किंचित वळली. कान दिसला. गाल दिसला.

"हे मघाशी नव्हतं," बाई पुटपुटल्या.

"पुन्हा लावा!"

या वेळी नाक दिसलं. त्याच्या पुढच्या वेळी दादा गडगडलाच नाही. मधल्या पायरीवर थांबला, पूर्ण वळला आणि पाहत राहिला. धाकट्याकडे नाही. दिग्दर्शकाकडे.

"चेहरा दिसतोय, साहेब... शॉट बाद." बाईंनी तो पुसून टाकला. पडदा काळा झाला.

"घ्या!" धाकटा रडत ओरडला. "किंचाळवा आता लोकांना!"

दिग्दर्शक उठला आणि पडद्याकडे तोंड करून उभा राहिला.

धाकट्याचा राग काही निवला नव्हता. महिनाभर साठवलेलं सगळं त्या माणसाच्या तोंडावर फेकायचं होतं. तो तरातरा पुढे गेला, पडदा आणि दिग्दर्शक यांच्यामध्ये घुसला आणि त्याने वर पाहिलं.

समोर दिग्दर्शकाची पाठ होती.

दिग्दर्शकाच्या पलीकडे, खोलीच्या दुसऱ्या टोकाला बाई भिंतीला चिकटून उभ्या होत्या.

"बाई..." धाकट्याने हाक मारली. "तुमच्याकडे तोंड केलंय ना यांनी?"

"नाही रे..." बाई कुजबुजल्या. "मला वाटलं, तुझ्याकडे केलंय."