पहिल्या ओळीतला कोपरा

गालिच्याला भोक आहे हे सगळ्यात आधी क्षिप्राला सापडलं. क्षिप्रा नऊ महिन्यांची होती.

तिची आई रसिका तेव्हा टेप घेऊन गुडघ्यांवर बसली होती. कल्याणात खाडीकडे उतरणाऱ्या गल्लीतली ही मशीद म्हणजे एकच मोठी खोली. पूर्वी तिथे लाकडाची वखार होती. त्यामुळे भिंती एका दिशेला आणि काब्याकडे तोंड करून आखलेल्या नमाजाच्या ओळी दुसऱ्या. गालिचा तिरका, कोपऱ्यांत त्रिकोणी तुकडे. पडदे-गालिच्यांच्या धंद्यात सात वर्षं काढूनही रसिकाला असं माप कधी घ्यावं लागलं नव्हतं. सासूबाई टिटवाळ्याला गेलेल्या, म्हणून लेक बरोबर. दुपारची नमाज आटोपली होती. भिंतीवर वेळांची सहा घड्याळं होती, त्यांतलं पुढच्या नमाजाचं पावणेपाच दाखवत होतं.

काम सांगायला ट्रस्टी मुश्ताक खोत स्वतः आले होते. महिन्यापूर्वी रसिकाने त्यांच्या घरी, आजारी अब्बांच्या खोलीत, पिस्ता रंगाचे पडदे लावले होते. ते आवडले म्हणून हे काम. जुना गालिचा खडवलीकडच्या एका गरीब मशिदीला द्यायचा ठरला होता. बाकी सगळं काढा, खोत म्हणाले, फक्त भिंतीला टेकवलेली ती घडीची खुर्ची राहू द्या. अब्बा पक्षाघाताआधी तिच्यावर बसून नमाज पढत. बरे झाले की लागेल.

तेवढ्यात क्षिप्राने पहिल्या ओळीच्या उजव्या कोपऱ्यातली वेताची टोपली ओढली. टोपी विसरून आलेल्यांसाठी ठेवलेल्या टोप्या घरंगळल्या. टोपलीखाली चटई होती. ती सरकली आणि खालची फरशी दिसली.

दीड हात लांब, हातभर रुंद. गालिच्याचा तुकडा गायब.

खोतांचा चेहरा उतरला. मशिदीला दिलेली वस्तू अल्लाची. ती घरी न्यायचा हक्क ट्रस्टीलाही नाही. आता खडवलीवाल्यांना भोक पडलेला गालिचा द्यायचा?

त्यांनी बांग देणाऱ्या हसनचाचांना बोलावलं. चाचा एकाहत्तर वर्षांचे, मशिदीच्या मागच्या खोलीत एकटे राहत.

"किल्ली कोणाकडे असते?"

"माझ्याकडे."

"मग हे कोणी केलं?"

"किल्ली माझ्याकडे असते, एवढंच विचार मुश्ताक. पुढचं विचारू नकोस."

खोतांनी एकदा विचारलं, दोनदा विचारलं. चाचा घरंगळलेल्या टोप्या टोपलीत भरत राहिले. शेवटी खोत म्हणाले, शुक्रवारपर्यंत उत्तर द्या, नाहीतर खोली सोडा. जायला त्यांना दुसरं घर नव्हतं, हे गल्लीतल्या सगळ्यांना माहीत होतं.

रसिकाने लेकीला उचलून घेतलं. आपल्याच पोरीच्या खोडीने म्हाताऱ्याचं छप्पर जातंय, आणि करता तर काहीच येत नाही. निदान बघावं म्हणून ती भोकापाशी वाकली.

चारही कडांना टाके घातलेले होते. बारीक, सारखे, गोधडीच्या काठाला घालतात तसे. मागच्या कडेला लागून गालिच्यात दोन गोल खळगे. आणि दोरा तिच्या ओळखीचा होता.

"चाचा, गेलेला तुकडा चांगला होता?"

"सगळ्यात झिजलेला." चाचांचे डोळे म्हणत होते, बेटी, आता गप्प बस.

गप्प बसावं तर यांची खोली जाते. बोलावं तर दुसऱ्या कोणाची तरी अब्रू.

"खोतसाहेब, तुम्ही नमाजाला कुठे उभे राहता?"

"मी शुक्रवारीच येतो. शेवटच्या ओळीत, दारापाशी. लगेच निघावं लागतं. का?"

रसिका भिंतीपाशी गेली. घडीची खुर्ची उघडून तिने भोकाच्या मागच्या कडेला ठेवली. मागचे दोन पाय त्या खळग्यांत बरोब्बर बसले. पुढचे दोन भोकावर आले.

खोत खुर्चीपाशी आले.

"चोर कापतो आणि पळतो," रसिका हळू आवाजात म्हणाली. "इथे कापणारं माणूस तासभर बसलं आणि उरलेल्या गालिच्याचे धागे सुटू नयेत म्हणून काठ शिवला. शेजारी कोरे तुकडे असताना झिजलेला नेला. म्हणजे गालिचा नको होता. ही जागा हवी होती. जागा अब्बांची, हे खुर्ची सांगते. तुम्ही मागे उभे राहता, म्हणून तुम्हाला ती ओळखता आली नाही. कुलूप फोडलेलं नाही, म्हणजे चाचांनी दार उघडून दिलं. चाचा स्वतःसाठी गप्प बसले नसते, कोणाला तरी शब्द दिलाय म्हणून बसलेत."

"कोणाला?"

"दोरा बघा. पिस्ता. प्रत्येक पडद्याबरोबर आम्ही हूक शिवायला त्याच रंगाचं एक रीळ देतो. हा रंग मी या गल्लीत एकाच घरात दिलाय, आणि रीळ माझ्या हातून एकाच बाईने घेतलं."

खोतांना नाव सांगावं लागलं नाही.

चाचा खाली बसले. मुश्ताक, ती पहिल्यांदा काहीतरी मागायला आली होती, म्हणाले. मला नाही म्हणता आलं नाही.

खोतांचं घर समोरच. ते तडक निघाले, पाठोपाठ लेकीला कडेवर घेऊन रसिका. पिस्ता पडद्यांच्या खोलीत अब्बा छताकडे बघत पडले होते. उजवी बाजू गेलेली, वाचा गेलेली. डाव्या हाताखाली गालिच्याचा लाल तुकडा, आणि त्यावर त्यांची बोटं मागेपुढे फिरत होती.

जैनबबी उशाशी बसल्या होत्या. मुलाचा चेहरा बघून त्या समजल्या.

"अम्मी, मला विचारायचं होतंस."

"तू नियम सांगितला असतास. नियम खरा आहे, म्हणूनच विचारलं नाही." त्यांनी नवऱ्याच्या अंगावरचं पांघरूण सारखं केलं. "बांग ऐकली की रडायचे रे. उठता येत नाही म्हणून. सत्तेचाळीस वर्षं मी समोर राहते, पण आम्ही बायका आत जात नाही. ते कुठे उभे राहायचे ते तुकडा कापायला गेले त्या दुपारी पहिल्यांदा पाहिलं. खुर्ची यायच्या आधी कपाळ टेकून टेकून खळगा पडलेला. शिवून झालं तरी मला उठवेना."

खोत दारातच उभे होते. या खोलीत ते रोज डोकावत, औषध आलं का विचारत आणि जात. हा तुकडा तेरा दिवस इथे होता.

"हसनला काही बोललास?"

त्यांनी मान खाली घातली. "खोली सोडा म्हणालो."

"मग आधी त्याची माफी माग."

तेवढ्यात समोरून बांग सुरू झाली. हसनचाचांचा आवाज आज जरा कापरा होता. क्षिप्राने आईच्या खांद्यावरून मान वळवली. अब्बा रडले नाहीत.

खोत पलंगाच्या कडेला बसले. बऱ्याच दिवसांनी त्यांनी अब्बांचा हात हातात घेतला.

अब्बांनी तो हळूच सोडवून घेतला. बोटं चाचपडत पुन्हा लाल तुकड्यावर गेली, खळग्यापाशी थांबली, आणि मागेपुढे फिरू लागली.