छबूची कावीळ

"माझ्या नातीला विष घालून मारलं. घालणारीचं नाव बी सांगते. तुमी फक्त सिद्ध करा."

गोजाबाईंनी खुर्ची नाकारली. चिंचवड स्टेशनजवळच्या त्या एका खोलीच्या कचेरीत त्या भिंतीला टेकून जमिनीवर बसल्या. लुगडं जुनं होतं, पण त्यावर एक डाग नव्हता. खासगी तपासाचं काम करणारा भीमराज ओव्हाळ उठला आणि त्यांच्यासमोर मांडी घालून बसला. त्याचे जोडीदार सोपानराव, पोलिसातून निवृत्त झालेले हवालदार, खुर्चीवरच राहिले. त्यांचे गुडघे वाकत नसत.

छबू पाच वर्षांची होती. ती रांगत असतानाच तिची आई, म्हणजे गोजाबाईंची लेक, न्यूमोनियानं गेली. बाप किसन आकुर्डीला स्कूटरच्या कारखान्यात होता. त्यानं कस्तुराशी दुसरं लग्न केलं. यंदा पावसाळ्याच्या तोंडाला कस्तुराला मुलगा झाला, आणि त्याच पावसाळ्यात छबूचं जेवण तुटलं. मग डोळे पिवळे झाले, पोट फुगलं. दिवाळीच्या आधी ती गेली. डॉक्टर म्हणाले होते की ही साधी कावीळ वाटत नाही, काहीतरी विषारी बरेच दिवस पोटात जात असावं. पण नेहमीच्या विषांपैकी एकही सापडलं नव्हतं.

"स्वतःचं झालं की सवतीचं डोळ्यांत सलतं," गोजाबाई म्हणाल्या. हे त्यांचं गल्लीत सगळ्यांना सांगून झालं होतं. किसन आता कस्तुराच्या हातचं पाणीही घेत नव्हता. येत्या रविवारी तो तिला बाळासकट राजगुरुनगरला माहेरी सोडणार होता, ते कायमचंच.

भीमराजनं विचारलं, छबू दिवसभर कुठं असायची?

"कस्तुरा बाळंत झाल्यापासनं दुपारची माझ्याकडंच. पण माझ्या हातचं खाऊन कोन मरंल, साहेब? घर बघा माझं येऊन."

आधी ते कस्तुराकडे गेले. पोरसवदा बाई, खांद्यावर बाळ. त्यांनी काही विचारण्याआधीच ती बोलून गेली की उंदराचं औषध तिनं आणलं होतं, ते खरं आहे. छबू त्यांच्याच पातेल्यातलं जेवायची. घरात दुसरं कुणी आजारी पडलं नाही.

"तिला त्याआधी काही दुखलंखुपलं?"

"खोकला होता. मी दवाखान्यात नेते म्हटलं, तर गोजामावशी म्हणाल्या, तू बाळंतीण, खोकल्याचं मी बघते." तिनं बाळाला दुसऱ्या खांद्यावर घेतलं. "रात्री माझ्याजवळच झोपायची. एका अंगाला हा, एका अंगाला ती. अजून मी त्या बाजूला वळत नाही. चिरडेल असं वाटतं."

बाहेर आल्यावर सोपानराव म्हणाले, "रडणाऱ्या बायका मी पुष्कळ पाहिल्यात, भाऊ. औषध आणलं म्हणते, आणखी काय पाहिजे?"

कोपऱ्यावरचा दुकानदार रहिमान हसला. पावसाळ्यात अख्खी गल्ली उंदराचं औषध नेते, त्यानं सांगितलं, गोजाबाईसुद्धा. "अन् ते पोटात गेलं तर माणूस महिनोन्महिने थांबत नाही, हवालदारसाहेब. चौकीत एवढी वर्षं काढली, एवढं तर कळायला पाहिजे." गोजाबाईंचं नाव निघताच त्यानं कानाला हात लावला. गुळाला एक मुंगी दिसली तरी ढेप परत आणणारी बाई ती.

गोजाबाईंचं घर तसंच होतं. भांडी लखलखीत. बोलता बोलता त्या डाळ निवडत होत्या, काळपट दाणा दिसला की बाहेर. सासवडचा भाऊ सुक्या अंजिरांची माळ पाठवतो म्हणून त्यांनी डब्यातली अंजिरं पुढं केली. मऊ, स्वच्छ.

सोपानराव पाणी घ्यायला उठले. फळीवरच्या एका बरणीवर फडकं बांधलेलं होतं, ते त्यांनी सवयीनं उचललं. आत अंजिरंच होती, पण हिरव्या भुकटीनं माखलेली.

"बाई, ही नासली की."

गोजाबाईंनी बरणी त्यांच्या हातातून घेतली, फडकं बांधलं आणि होती तिथं ठेवली. "असू द्या ती."

भीमराजनं विषय बदलला. पूर्वी काम कुठं केलं? औषधांच्या कारखान्यात, झाडायला, त्या म्हणाल्या, आणि पहिल्यांदाच त्यांचा चेहरा उजळला. पेनिसिलिनच्या खात्यात साहेब पाहुण्यांना माहिती सांगायचे, ती ऐकून ऐकून पाठ झाली होती. लाखो जीव वाचले त्या औषधानं. "अन् माझ्या लेकीला दवाखान्यात घिऊन पोचलो तवा येळ निघून गेली व्हती. दारात औषध, अन् लेक गेली."

निघताना भीमराजनं त्या बरणीतली दोन अंजिरं मागितली. त्यांनी लगेच कागदात बांधून दिली.

"तुमच्या घरी बी कुनाला खोकला हाय का?"

भीमराजनं नकारार्थी मान हलवली आणि पुडी खिशात घातली.

ती पुडी तो पुण्यात, महाविद्यालयात शिकवणाऱ्या एका मित्राकडे घेऊन गेला. परतला तेव्हा सोपानरावांना त्यानं सगळं सांगितलं. हवालदारांनी कचेरीचं दार लावून घेतलं.

"सांगू नको, भाऊ. म्हातारी मरेल."

"न सांगितलं तर रविवारी ती पोरगी जाते. मुलाला घेऊन, हत्यारीण म्हणून."

शनिवारी दुपारी किसन, कस्तुरा आणि गोजाबाई एका खोलीत बसले. किसन दाराकडे तोंड करून.

भीमराज हळू बोलला. "कस्तुराबाईंच्या चुलीवरचं सगळ्यांनी खाल्लं, आजारी एकटी छबू पडली. उंदराचं औषध इतकं रेंगाळत नाही. तेव्हा ती एकटीच जे खात होती, ते शोधायचं होतं. तिला खोकला होता, आणि खोकल्याचं 'मी बघते' असं कुणीतरी म्हणालं होतं."

गोजाबाई त्याच्याकडे पाहत होत्या.

"ज्या घरात डाळीचा काळा दाणा टिकत नाही, त्या घरात बुरसटलेली अंजिरं फडकं बांधून ठेवलेली. विसरून नव्हे, जपून. आणि मी मागितली तेव्हा तुम्ही विचारलंत, कुणाला खोकला आहे का. गोजाबाई, कारखान्यात साहेब पाहुण्यांना काय सांगायचे?"

"की ते औषध बुरशीतनं निघतं. सडक्या खरबुजावरच्या." त्यांनी पाठ म्हणावं तसं म्हटलं. "म्हनून मी मधात उगाळून द्यायची. रोज. पोरगी तोंड वाकडं करायची, तर मांडीवर घिऊन..."

"बुरशी एक नसते, आई." त्यानं पहिल्यांदाच त्यांना आई म्हटलं. "पेनिसिलिनची वेगळी. तिचंसुद्धा कारखान्यात गाळून, शुद्ध करून मग औषध होतं. ही अंजिरावरची दुसरी जात. दमट हवेत ती फळात विष तयार करते, अफ्लाटॉक्सिन. पुसून जात नाही, उकळून जात नाही. मित्रानं अंधाऱ्या खोलीत खास दिव्याखाली अंजीर फोडून धरलं, तर आतला गर हिरवापिवळा चमकला. मग विष वेगळं काढूनही पाहिलं. ते हळूहळू यकृत खातं. लहान मुलाचं लवकर."

बाळ कुरकुरलं, कस्तुरानं त्याला थोपटलं.

"कावीळ झाल्यावर मी वाढवून दिलं," गोजाबाई म्हणाल्या. "लेकीला उशीर झाला, हिला कमी पडाया नको म्हनून."

किसन उठला, पण कुणाकडे जावं ते त्याला कळेना. कस्तुरा मात्र सरकत म्हातारीजवळ गेली आणि मावशी, मावशी म्हणत राहिली. गोजाबाईंनी तिचा हात बाजूला केला. रागानं नव्हे. त्यांना उठायचं होतं.

गल्लीच्या तोंडाशी नळाला पाणी आलं होतं. बायकांची रांग होती. भीमराज आणि सोपानराव गोजाबाईंच्या मागं तिथवर गेले, पण थोडं अंतर ठेवून. त्या रांगेसमोर उभ्या राहिल्या. डोक्यावरचा पदर त्यांनी नीट केला.

"कस्तुरानं न्हाई," त्या म्हणाल्या. "छबूला मी मारलं. माझ्या हातानं."

कळश्यांचा आवाज थांबला. रांगेच्या शेवटी एक म्हातारी होती, तिला ऐकू कमी येत असे. काय म्हणते गोजा, तिनं शेजारणीला विचारलं. शेजारीण काही सांगेना.

गोजाबाई रांगेच्या कडेनं तिच्यापर्यंत चालत गेल्या, तिच्या कानाशी वाकल्या, आणि त्यांनी ते पुन्हा सांगितलं, मोठ्यानं.