नाडी पाहा, डॉक्टर

उद्या दंतवैद्यकाची तोंडी परीक्षा, आणि आज वसतिगृहातली वीज गेलेली. पोरं व्हरांड्यात म्हाताऱ्या डॉक्टरकाकांभोवती जमली. पुस्तकं मिटली होती.

“काका, परीक्षकांनी अडवलं तर काय करायचं हो?”

“माझ्या मित्राच्या लेकीचं सांगतो,” काका म्हणाले. “घडलेलं आहे. हसलात तर उठून जाईन.”

वर्गात तिला सगळे पोपट म्हणत. प्रश्न संपायच्या आत उत्तर तयार! येत असलं तर घडाघडा, येत नसलं तर त्याहून घडाघडा. दोनदा नापास झाली. दुसऱ्या खेपेला परीक्षक म्हणालेही, “बाई, एखादं येत नाही, ते एक वेळ चालेल. तुम्ही ठोकून देता, ते नाही चालणार.” घरी आई रोज देवापुढे हात जोडायची. वडिलांनी मात्र सांगून टाकलं होतं, “आता नाही झालं, तर सामान बांधून घरी ये.”

तिसऱ्या खेपेच्या तोंडी परीक्षेची आदली रात्र, गुरुवारची. तिचा पांढरा कोट विभागात राहिला होता, तो आणायला ती गेली. पहारेकऱ्याने कुलूप काढून दिलं.

“लवकर या हं ताई, माझा चहा निवतोय.”

आत रुग्णांच्या खुर्च्यांची रांग. शेवटच्या खुर्चीवरचा दिवा चालू होता. खुर्चीत एक वयस्क गृहस्थ बसलेले, चेहरा अंधारात.

“या डॉक्टर. बसा.”

बाहेरगावचे परीक्षक आदल्या दिवशी येतात, हे तिला ठाऊक होतं. कुलूपबंद खोलीत ते आले कुठून, हा प्रश्न काही तिला पडला नाही. ती शेजारच्या स्टुलावर बसली.

“सुई दिली, आणि रुग्णाला घेरी आली. काय कराल?”

उत्तर जिभेवरून सुटणारच होतं. तिने ओठ मिटले. मनात देवाचं नाव घेतलं. मग सावकाश बोलली, “आधी हात थांबवीन. तोंडात ठेवलेलं सगळं बाहेर काढीन. खुर्ची आडवी करून पाय उंच करीन. श्वास बघीन, नाडी बघीन.”

“छान. बघा मग.”

दिव्याखाली एक हात आला.

तिने मनगटावर दोन बोटं टेकवली. गार. बोटं जरा सरकवली... दाबली... पुन्हा सरकवली.

“लागली?”

समोर परीक्षक. हातात शेवटची संधी. घरी आई.

‘हो सर’ म्हणायला कितीसा वेळ? ओठ तसे झालेही होते.

खोलीत एकच श्वास ऐकू येत होता... तिचा.

“डॉक्टर... लागली?”

“नाही, सर. नाही लागत.”

हात दिव्याखालून मागे गेला.

“बरोबर,” तो आवाज म्हणाला. “माझी नाडी लागत नसताना त्याने हो म्हटलं होतं. माझा विद्यार्थी. मी... याच खुर्चीत होतो.”

दिवा गेला.

ती धडपडत बाहेर आली. पहारेकरी चहा घेत होता. “आत कोण असणार ताई? कुलूप तुमच्यादेखत काढलं की!”

काका थांबले.

“आणि परीक्षा?” एकीने हळूच विचारलं.

“पास झाली. चार प्रश्नांना विचार करून उत्तरं दिली. पाचव्याला म्हणाली, माहीत नाही, सर. परीक्षक हसले. आता स्वतःचा दवाखाना आहे तिचा, चांगला चालतो. रुग्णाला घाई करत नाही. देव भलं करो तिचं.”

“मग झालं ना चांगलंच, काका!”

“झालं की.” काका अंधारात आपल्याच बोटांकडे पाहत राहिले. “फक्त महाविद्यालयातलं बोटांचे ठसे घेणारं हजेरीचं यंत्र त्या रात्रीपासून तिची ती दोन बोटं ओळखेना. मी हातात घेऊन पाहिलीत...

“रेषाच नाहीत.”