सावळघाटात उतरलेल्या दोघी जावा

पटो न पटो, हे घडलेलं आहे.

माझी मावसबहीण चांगुणा कधी खोटं बोलत नाही, असं मी म्हणणार नाही. या गोष्टीत ती एक खोटं बोललीच आहे. बाकी सगळं खरं आहे.

सन एक्याऐंशी. श्रावणातला शनिवार, दुपारचे तीन. नाशिकहून पेठला जाताना लागणारा सावळघाट.

हो, दुपारचे तीन. भुताला रात्रच लागते असं कुणी सांगितलं?

शनिवारी सातपूरच्या कारखान्यांना सुट्टी. एकाच खात्यातले पाच जण घाट बघायला फटफट्या काढून निघाले. तिघे सडे होते, ते हॉर्न वाजवत केव्हाच पुढे गेले. मागे राहिले दोघे भाऊ. चांगुणाचा नवरा भिमाजी आणि तिचा दीर धोंडीराम. दोघांच्या मागे बायका.

चांगुणाची दोन वर्षांची पोर घरी सासूजवळ होती. अजून अंगावर पीत होती. धोंडीरामची नवसा तीन महिन्यांची नवी नवरी. आयुष्यात पहिल्यांदा फटफटीवर बसलेली, त्यामुळे तिचं तोंड रासेगावपासून बंद नव्हतं.

घाट सुरू झाला आणि धुकं आलं.

चढाला जुन्या गाड्या डबलसीट ओढेनात. मग तेव्हा सगळेच करायचे तेच यांनी केलं. बायकांना खाली उतरवलं. “वरच्या वळणावर थांबतो, चालत या.”

गाड्या धडधडत वर गेल्या. आवाज बारीक होत गेला...

मग बंद झाला.

म्हणजे थांबले असतील. पेट्रोल वाचवायला इंजिन बंद करायची सवयच होती दोघांना.

दोघी जावा चालू लागल्या. हात लांब केला तर बोटं दिसेनात. पावसाची भुरभुर. वळण काही येईना. नवसा घाबरली आणि धोंडीरामला नावानं हाक मारायला निघाली. चांगुणानं तिला दटावलं, नवऱ्याचं नाव घेतात का रस्त्यात? अहो म्हण.

नवसानं हाक मारली, “अहो...”

काहीच नाही.

“अहो...”

समोरचं धुकं जरा काळं झालं.

एक फटफटी उभी होती. तोंड चढाकडे. वर रेनकोट घातलेला माणूस, टोपी पुढे ओढलेली. कंपनीनं सगळ्यांना दिलेला तोच काळा रेनकोट. इंजिन बंद.

त्यानं मान वळवली नाही. नुसती मागची सीट थोपटली.

चांगुणा पुढे होती. तिला वाटलं, आपलेच. बसायला गेली. पण एकदा सायलेन्सरनं तिची पोटरी भाजली होती, तेव्हापासून बसण्याआधी तिकडे बघायची सवय.

सायलेन्सरवर पाऊस पडत होता.

वाफ निघत नव्हती.

एवढा घाट चढून आलेली गाडी... आणि चरचर नाही की काही नाही. तिनं हात जवळ नेला. विहिरीतल्या दगडासारखं गार.

त्यानं पुन्हा सीट थोपटली.

चांगुणा मला म्हणाली, “मला तेव्हाच कळलं बाई. हे कुणाला तरी घेतल्याशिवाय जायचं नाय. आणि माझी पोर घरी भुकेली होती.”

ती दोन पावलं मागे सरली. नवसाच्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, “तुझे आलेत. बस.”

नवसा हसत बसली. एका बाजूला पाय सोडून. त्याच्या खांद्यावर हात ठेवला, आणि तिचं हसणं थांबलं.

“ताई, ह्यांचं अंग...”

गाडी निघाली.

इंजिन सुरू न होता. चढावर. वरच्या दिशेला.

चांगुणा ओरडली नाही. ती चालत राहिली. वळण आलं, तर तिथे कठड्यावर दोघे भाऊ विडी ओढत बसलेले. दोन्ही गाड्या शेजारी. सायलेन्सरवर थेंब चरचरत होते.

त्यांच्यासमोरून कुणी गेलं नव्हतं.

धोंडीरामनं विचारलं, “नवसा कुठंय?”

“मागं राहिली,” चांगुणा म्हणाली.

हेच ते खोटं.

सगळ्यांनी खाली शोधलं. तीन दिवस दरी पालथी घातली. वर कुणी गेलंच नाही. गावात बोलणं झालं की नवी नवरी कुणाबरोबर तरी पळाली. नवसाचा बाप मान खाली घालून गेला. चांगुणानं तेही ऐकून घेतलं. कारण खरं तरी काय सांगणार? परक्या माणसाच्या गाडीवर बसून गेली, हेच ना?

आज सात वर्षं झाली. धोंडीरामनं दुसरं लग्न केलं नाही. दर श्रावणात तो वहिनीला घाटात घेऊन जातो. “नक्की कुठं मागं राहिली, तेवढं दाखवा.” ती दोन वळणं खालची जागा दाखवते. खरी दाखवली तर तो तिथे जाऊन उभा राहील, आणि मग त्याच्यासमोर काय येऊन थांबेल, असं ती म्हणते. त्याच्यासाठी म्हणते की स्वतःसाठी, मला विचारवत नाही.

गेल्या श्रावणातही तो तिथे उभा राहून हाका मारत होता. “नवसा... ए नवसा...”

आणि वरच्या धुक्यातून... कुणीतरी ओ दिली.

बारीक. बाईचा आवाज.

धोंडीरामला ऐकू आलं नाही. हाका मारून त्याला खोकल्याची उबळ आली होती.

“चला भाऊजी,” चांगुणा म्हणाली. “पोरगी घरी एकटी हाय.”

मागून परत एकदा ओ आली. तिनं पदर कानावरून घट्ट ओढून घेतला.

एवढं सांगून ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मी चहा टाकायला उठले. दुसरं काय करणार?

श्रावण पुढच्या आठवड्यात लागतोय. धोंडीरामचा निरोप येऊन गेला आहे.