ताळा न केलेलं उत्तर

वाऱ्यात पूल किती हलेल, याचं माझं गणित संपायला संगणकाला नऊ दिवस हवे होते आणि प्रबंध द्यायला उरले होते दोन. मुदत चुकली की वर्ष गेलं. रडकुंडीला येऊन मी संगणक-कक्षाचं दार ढकललं आणि बाहेर येणाऱ्या तंत्रज्ञावर आदळले. माझा चष्मा खाली पडला. त्यांनी तो उचलला, शर्टाला पुसून हातात दिला... आणि माझी अडचण ऐकून माझा प्रोग्रॅम वाचत बसले.

"नऊ दिवसांत माझ्या बहिणीचं लग्न ठरून पारही पडलं होतं," ते म्हणाले. "पुलाचे दहा लाख तुकडे एकामागून एक मोजताय. एका तुकड्याचं दुसऱ्यावाचून अडतं का?"

"एका क्षणापुरतं... नाही."

"मग रांग कशाला? सगळे एकदम सोडू. ग्राफिक्स कार्डावर."

"गेम खेळतात ते?"

"तेच. त्यात हजारो छोटे गणक एकाच वेळी मोजतात." त्यांच्या गालाला खळी पडली. मी उगाचच पडद्याकडे पाहिलं.

दिवसभर ते टाइप करत होते. मला थंडी वाजतेय हे न विचारताच ओळखून त्यांनी आपलं जॅकेट पुढे सरकवलं. संध्याकाळी बटण दाबलं, संगणकाचे पंखे घोंघावले आणि चार मिनिटांत उत्तर आलं. नऊ दिवसांचं काम, चार मिनिटांत?

विश्वास बसेना म्हणून पुन्हा चालवलं. उत्तर वेगळं. तिसऱ्यांदा तिसरंच. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला.

मी ओळ न् ओळ तपासली. "अहो, हजारो गणक एकाच पाटीवर बेरीज लिहितायत. एकाचा आकडा दुसरा पुसतोय. प्रत्येकाला आपापली पाटी द्या, बेरजा शेवटी एकत्र करा."

त्यांनी तसं करून पुन्हा तीनदा चालवलं. तिन्ही वेळा एकच उत्तर आलं. पुलाच्या छोट्या भागावर जुन्या संथ प्रोग्रॅमशी ताळा केला, तोही जुळला. माझं वर्ष वाचलं होतं.

ते मात्र मान खाली घालून बसले होते. "इथल्या सहा वर्षांत ताळा केल्याशिवाय कुणाला उत्तर दिलं नाही मी."

"मग आजच का?"

"तुम्ही... समोर बसला होतात."

मला धक्काच बसला. पण त्याहून मोठा धक्का मला माझ्याच तोंडाने दिला.

"मग उद्यापासून समोर नाही बसणार," मी म्हणाले. त्यांचा चेहरा उतरला, तेव्हा कुठे मला पुढचं बोलायचा धीर आला. "शेजारी बसेन."