कोरड्या दिवसांतली ओल

"पाऊस नाही, मग माती ओली कशी?" चर्चच्या भिंतीपाशी उकिडवा बसत अतोनियो म्हणाला.

त्याची चुलत बहीण फिलोमेना वाकली. भिंतीला गेलेल्या भेगेखाली चिखल झाला होता. सवाई बेटावरच्या या गावात पणजोबांच्या पिढीने समुद्रात बुड्या मारून प्रवाळ काढलं, ते भाजून चुना केला आणि हातभर जाडीच्या भिंती उभ्या केल्या. हे तिला पेलेनातोमामाने शिकवलं होतं. चर्च पाडायचं की राखायचं, ते गाव रविवारी ठरवणार होतं.

अतोनियोच्या धाकट्या बहिणीने, लांगीने, दगड बाजूला सारले. खाली रबरी नळी होती, थेट बागेच्या टाकीपासून भिंतीच्या पायापर्यंत.

"हे मुद्दाम केलंय कुणीतरी," लांगी म्हणाली.

फिलोमेना धावत मामाकडे गेली.

"हुशार गं माझी भाची," मामा म्हणाला. "कुणाजवळ बोलू नकोस. चोर मी पकडतो."

दुसऱ्या दिवशी नळी गायब होती. संध्याकाळी प्रार्थनेनंतर मामा सगळ्यांसमोर म्हणाला, "पोरांनी नळ उघडा टाकला, म्हणून भिंत खचली. माझीच भाची, काय बोलू?"

फिलोमेना रडत बाहेर गेली. नळीचं तिने फक्त त्यालाच सांगितलं होतं.

"रडून झालं की सांग," अतोनियो हळूच म्हणाला. "रविवारच्या आत मामाला भेग वाढवायचीय, म्हणजे गाव चर्च पाडेल. तो परत येणार."

तिघांनी लोआच्या झाडाच्या, हाताला पक्का रंग लावणाऱ्या लाल बिया कुटून बागेच्या टाकीत कालवल्या. शनिवारी दुपारी तिघं चर्चमध्ये फादर कोसेतातिनोंपुढे गाण्याच्या सरावाला उभी राहिली.

"फादर, भिंत बघा," मध्येच लांगी म्हणाली.

भेगेतून लाल पाणी झिरपत होतं. सगळे बाहेर धावले. मामा नळी धरून उभा होता, तळवे लालभडक.

"शेजारच्या गावाने दोन मनोऱ्यांचं सिमेंटचं चर्च बांधलं," तो पुटपुटला. "आपण अजून चुनाच भाजतोय. तुम्ही पाडू देत नव्हता."

"मग माझं नाव का घेतलंस, मामा?"

मामाने नळी टाकली आणि लाल तळवे पाठीमागे लपवले.

रविवारी म्हातारे गावप्रमुख उठले. "पणजोबांनी बांधलं, पोरांनी राखलं. आता डागडुजी आपण करू."

चुन्याची भट्टी पेटली तेव्हा प्रवाळाची पहिली टोपली मामानेच वाहिली. जेवताना त्याने फिलोमेनापुढे भाजलेल्या अळकुडीचा तुकडा धरला. तिने तो घेतला, आणि जाऊन अतोनियोशेजारी बसली.