आईच्या मापाचा ओटा

त्या मंगळवारी वेदिकानं दार उघडलं ते सिलिंडरवाला समजून. ओल्या केसांना पंचा, हातात रिकामं सिलिंडर. समोर गळ्यात टेप अडकवलेला एक उंच माणूस.

"मी धम्मानंद. घर सजवायचं काम… पण म्हणत असाल तर सिलिंडरही नेतो."

ती हसली. मग उगाचच गंभीर झाली.

नागपूरच्या धरमपेठेतलं ते घर नव्यानं सजवायचं होतं. डॉक्टर भाऊ-वहिनी दिवसभर दवाखान्यात, त्यांची जुळी मुलं घरभर, आणि सगळ्यांच्या मागे धावणारी आई, प्रेमलताबाई. तिनं धम्मानंदला समोर बसवलं.

"सोफ्याचं कापड असं आण गा, का पोट्ट्यांनी वरण सांडलं तरी पुसून निघालं पाहिजे. अन् पाहुण्यानं विचारलं पाहिजे, कुठून घेतलं!"

"अन् रंग, काकू?"

"हिले विचार. पण ही बोलन तवा ना!"

"मी थांबीन," तो म्हणाला. वेदिकाचे कान तापले.

शेवटी ओटा. स्वयंपाक करणारीच्या कोपराखाली चार बोटं, हा त्याचा हिशेब. आईनं हात दुमडला. त्यानं भिंतीवर पेन्सिलीची रेघ ओढली. तीस इंच. आई ठेंगणीच.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई उठलीच नाही.

वेदिका रडली नाही. दोन महिन्यांनी काम सुरू झालं. कापडाचे नमुने आले, तेव्हा तिनं त्यांच्यावर वरण, शाई, लोणच्याचं तेल सांडायचं आणि त्यानं पुसायचं, असं ठरलं.

"किती जीव लावून सांडता हो!"

"तुम्ही पुसता म्हणून…" ती बोलून गेली, आणि पुढचं गिळलं. रोज असंच. ओठांवर आलेलं गिळायचं.

स्वयंपाक आता तिच्याकडे होता, म्हणून ओट्याचं माप चौतीसवर गेलं. लहानू मिस्त्रीनं ओटा बांधून वर ग्रॅनाइट बसवला. धम्मानंदनं टेप लावली. तीस.

"मी चौतीसच मोजले, साहेब! पोराची शप्पथ."

ओटा फोडला. पुन्हा बांधला. पुन्हा तीस.

दोन हात रंग दिलेल्या भिंतीवर आईच्या मापाची पेन्सिलीची रेघ रंगातून पुन्हा दिसत होती. ओट्यासमोरच्या सिमेंटच्या धुळीत दोन लहान पावलं उमटली होती, ओट्याकडे तोंड करून. येणारं पाऊल नव्हतं. जाणारंही नव्हतं.

"मी नाही बा आता." लहानूनं थापी पिशवीत टाकली. "बाई स्वयंपाकाले उभ्या हायेत."

वहिनीनं शनिवारची मुदत दिली. नाहीतर दुसरा माणूस.

शुक्रवारी भर दुपारी धम्मानंद एकटाच आला. बाहेर ऊन रणरणत होतं. स्वयंपाकघर मात्र विहिरीसारखं गार.

"हात दुमडा," तो हळू म्हणाला. "तुमचं माप मीच घेतो. तिसऱ्यांदाही चुकलं तर… मग या घरी यायला मला कारण उरणार नाही."

तो टेप लावायला वाकला. तेवढ्यात तिच्या कोपराखाली कुणीतरी तळवा धरला. छोटा, ओलसर, गार. धम्मानंदचे दोन्ही हात तर टेपवर होते. तिच्या बाहीला पाच बोटांच्या चुण्या पडलेल्या त्यानंही पाहिल्या.

"वेदिका… घाबरू नका."

ती घाबरली नव्हती. तो हात तिच्या ओळखीचा होता. खाली ओढत होता, लहानपणी गर्दीत ओढायचा तसा. आई जात नव्हती की तीच जाऊ देत नव्हती? इतके दिवस डोळे कोरडे ठेवून तिनंच तर तिला इथं उभं केलं होतं.

"आई," ती म्हणाली. डोळे वाहू लागले, तरी ती थांबली नाही. "मला तू अजून हवी होतीस गं. खूप… कधी म्हणाले नाही. स्वयंपाक मी करीन. पोरांना मी बघीन. तू जा आता."

बाहीवरची बोटं सैल झाली. ती धम्मानंदकडे वळली. रडतच होती, पण या वेळी तिनं काही गिळलं नाही.

"आणि आई, मला हा माणूस हवाय."